तिसऱ्या दिवशी चांगली चाललेली जेल्को (शिरेत सलाईनसाठी टाकलेली नळी) काढायचीच का? आणि स्पिरिटच्या कापसाच्या डब्याचं काय?

बेड_पाचवाली
१४ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार सगळ्यांना. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन तीन वर्षं झाली, सिंधुदुर्गात एका खाजगी हॉस्पिटलला मेडिसिन वॉर्डला आहे. आज जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

पाच नंबरला एक आज्जी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, अंगावर मांस असं नाहीच. लावणीला चिखलात होत्या, ताप आणि पोटऱ्या दुखतात म्हणून आल्या, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) ट्रीटमेंट चालू आहे, प्लेटलेट काल ४८ हजार. डाव्या हाताला मनगट आणि कोपराच्या मधे बावीसची निळी जेल्को होती, मीच टाकलेली, पहिल्याच प्रिकला मिळालेली. सकाळी बघितलं तर लाली नाही, सूज नाही, दाबलं तर दुखत नाही, फ्लश (नळीतून ढकललेलं सलाईन) मस्त जातोय. पण ७२ तास झाले म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी राऊंडला सांगितलं काढ आणि दुसरी टाक. मी म्हटलं सिस्टर चांगली आहे हो, परत शीर मिळायची नाही. त्या म्हणाल्या नियम आहे, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार.

काढली. मग मी दोनदा ट्राय केलं, दुसऱ्या सिस्टरनी दोनदा, प्रत्येक वेळी शीर फुगली आणि प्लेटलेट कमी म्हणून जिथे जिथे टोचलं तिथे करवंदाएवढा काळानिळा डाग. आज्जी ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या आणि चौथ्या वेळी म्हणाल्या, "गो बाय, आता खंय टोचतलंस?" शेवटी भूलवाले सर आले आणि उजव्या कोपराच्या खोबणीत टाकून गेले. आता हात वाकवला की ठिबक बंद. सहाचं अँटिबायोटिक साडेआठला गेलं. आणि जुनी जिथून काढली तिथे एक लाल टिपका सोडला तर काहीच नाही.

मला खरंच जाणून घ्यायचंय, ७२ तासांच्या नियमाला पुरावा आहे का? की कोणीतरी कधीतरी सांगितलं आणि आपण करतोय? इन्चार्ज सिस्टर माझ्यापेक्षा खूप अनुभवी आहेत, त्यांना दुखवायचं नाहीये, पण बोलायला हातात काहीतरी हवं.

दुसरं, ट्रॉलीवर स्टीलच्या डब्यात स्पिरिटमधे भिजवलेला कापूस असतो, सकाळी भरायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्यात बोटं घालून काढायचा. ते मला पहिल्या दिवसापासून खटकतं. बरोबर आहे का ते?

आयसीयू_ब्रदर_रत्नागिरी
१५ जुलै, सकाळी ७.१०

ताई, नाईट संपवून आत्ता बसलो, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पुरावा आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. २०१२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला मोठा ट्रायल आला, तीन हॉस्पिटलं, ३२८३ पेशंट. अर्ध्यांची लाइन, म्हणजे जेल्कोच, तिसऱ्या दिवशी ठरवून बदलली आणि अर्ध्यांची फक्त काही त्रास दिसला तर. फ्लेबायटिस, म्हणजे शिरेची सूज, दोन्हीकडे ७ टक्के, काडीचा फरक नाही. तो अभ्यास नर्सेसनी चालवलेला आहे, हे मी मुद्दाम सांगतो. मग २०१९ चा कोक्रेन रिव्ह्यू (सगळे ट्रायल एकत्र तपासणारा आढावा) आहे, ९ ट्रायल, ७४१२ पेशंट, त्यातही फ्लेबायटिस आणि रक्तातलं इन्फेक्शन यात ठोस फरक दिसला नाही. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, ज्यांची बदलली नाही त्यांच्यात लाइन आऊट जाणं (सलाईन शिरेबाहेर जाणं) आणि ब्लॉक होणं थोडं जास्त होतं. म्हणजे जास्त दिवस ठेवली तर कधीतरी सुजणार, ते आपण बघायला हवं.

आता ७२ तास आले कुठून? सीडीसीच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या) २०११ च्या गाईडलाइनमधे वाक्य असं आहे की मोठ्या माणसांमधे ७२ ते ९६ तासांपेक्षा लवकर बदलायची गरज नाही. नीट वाचा, "लवकर बदलायची गरज नाही". आपल्याकडे ते फिरत फिरत "७२ तासांना बदललंच पाहिजे" असं झालं. आणि त्याच गाईडलाइनमधे लहान मुलांची लाइन त्रास दिसला तरच बदला असं स्पष्ट आहे. इंग्लंडच्या २०१४ च्या एपिक थ्री गाईडलाइनमधे तर मोठ्यांसाठीही तेच, रुटीन बदलू नका.

तुमच्या आज्जींच्या केसमधे तर प्लेटलेट कमी, शिरा नाहीत, म्हणजे चार वेळा टोचण्याचा तोटा कागदावर न मोजताही दिसतो.

सव्वीस_वर्षं_वॉर्डात
१५ जुलै, दुपारी ३.२५

बेड पाचवाली, बाळा, मी स्वतः इन्चार्ज आहे, रायगडात. तुझ्या इन्चार्जची बाजू पण कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते. ब्रदरांनी सांगितलं त्यातलं काही खोटं नाही, पण अर्धं आहे.

आम्ही ७२ तास धरून बसतो त्याला कारण आहे. दहा एक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मच्छीमार होते, पन्नाशीचे, शुगरवाले. त्यांच्या हाताला वरून खाली मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) पट्ट्यांवर पट्ट्या, वर रोलर बँडेज, कोणी सोडून बघितलंच नाही. तिसऱ्या शिफ्टची सिस्टर म्हणायची पहिलीने बघितलं असेल. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप १०३, बँडेज सोडलं तर आत पू. मी तेव्हा स्टाफ होते, तो वास आजही विसरले नाही. त्यानंतर आमच्या मेट्रननी ७२ तासांचा नियम लावला, कारण निदान तिसऱ्या दिवशी तरी कोणीतरी ती पट्टी सोडेल.

आणि याला पण अभ्यास आहे, ब्रदर. जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांनी रुटीन बदलणं बंद केलं, मग २०२१ ला जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात त्यांनी आकडे दिले. आधी २ लाख ४१ हजार लाइनमधे रक्ताची ११ इन्फेक्शनं होती, नियम काढल्यावर १ लाख ३० हजारांत ४६ झाली. परत रुटीन बदलायला लागले तर खाली आली. आकडा छोटा आहे, अशा अभ्यासात इतर कारणंही मिसळलेली असू शकतात, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते, पण मला तो वाचून आमचे मच्छीमार दादाच आठवले. ट्रायलमधे रोज कोणीतरी वही घेऊन लाइन बघत असतं. आपल्या वॉर्डात रात्री ३० पेशंटला एक सिस्टर.

त्यामुळे माझं म्हणणं इतकंच, की "ठेवा" असं कुठलाच अभ्यास सांगत नाही, "बघत रहा आणि मग ठेवा" असं सांगतो. तू इन्चार्जकडे जाशील तेव्हा ७२ तास काढून टाका असं बोलू नको, प्रत्येक शिफ्टला आम्ही बघू आणि सही करू असं बोल. मग ऐकतील. मी ऐकलं असतं.

बेड_पाचवाली
१५ जुलै, रात्री ९.०५

मोठ्या सिस्टर, खूप खूप आभार. मी फक्त माझ्याच बाजूने विचार करत होते. आमच्याकडे पण तेच आहे, मायक्रोपोरवर मायक्रोपोर, आणि या पावसात घामाने आणि ओलाव्याने सकाळी लावलेली पट्टी दुपारी सुटते, मग वरून आणखी एक. पारदर्शक ड्रेसिंग स्टोअरमधे आहे पण बिलात लागतं म्हणून नातेवाईक नको म्हणतात. मग बघायचं कसं? आणि बघायचं म्हणजे नक्की काय काय बघायचं?

शिकवते_दापोली
१५ जुलै, रात्री १०.५०

नर्सिंग कॉलेजला शिकवते, आठवड्यातून तीन दिवस विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात असते, त्यामुळे हे सगळं डोळ्यासमोरचं आहे.

बघायचं कसं, त्यासाठी व्हीआयपी स्कोअर (शिरेची सूज बघून द्यायचे गुण) म्हणून सोपी पद्धत आहे, ० ते ५. काही नाही तर ०. टोचलेल्या जागी थोडं दुखतंय किंवा थोडी लाली असेल तर १, लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर २, आणि २ झाला की काढायची, सरांना विचारायला थांबायचं नाही. पुढे शीर दोरीसारखी हाताला लागते, पू येतो, ताप येतो, तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही. आपल्याकडे लोक शीर लाल झाली की जेल्को तशीच ठेवून वर थ्रोम्बोफोब मलम चोळतात, ते मी विद्यार्थिनींना कळकळीने सांगते की आधी काढा, मलमाचं नंतर.

पट्टीचं म्हणाल तर पारदर्शक ड्रेसिंग मिळालं तर उत्तम, उघडायची गरज नाही. पण सीडीसीचंच म्हणणं आहे की खूप घाम येत असेल किंवा जागेतून रक्त पाझरत असेल तर स्टराईल (जंतुविरहित) गॉझ बरा. आपल्या जुलैत निम्मे पेशंट त्यात बसतात. गॉझ असला की वरून हळूच दाबून विचारायचं दुखतं का, दुखलं की सोडून बघायचं, आणि ओला झाला, सुटला, मळला की लगेच बदलायचा, वरून आणखी पट्टी मारायची नाही. वरून मारलेल्या पट्टीखाली ओल तशीच राहते, तिथेच जंतू वाढतात.

आणखी एक, रागावू नका पण सगळ्यांनी आपापल्या ट्रॉलीकडे बघा. मायक्रोपोरच्या पट्ट्या आधीच कापून ट्रॉलीच्या दांडीला ओळीने चिकटवून ठेवतो ना आपण? काही जणी तर युनिफॉर्मच्या बाहीवर. ती पट्टी मग थेट टोचलेल्या भोकावर जाते. रोल एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरतो. भोकावर फक्त स्टराईल वस्तू हवी, पट्टी बाजूने. आणि पट्टी हात धुवून त्याच वेळी कापायची.

कोपराच्या खोबणीत टाकलेली लाइन पहिल्या संधीला बदला, तिथे हात वाकला की आतल्या आत घासते. मनगट आणि कोपर यांच्या मधली सरळ जागा सगळ्यात टिकते, जिथे तुम्ही पहिल्यांदा टाकलीत तीच. आणि कॅज्युअल्टीत घाईत टाकलेली, नीट स्वच्छता झाली की नाही माहीत नाही अशी लाइन असेल तर तिला मात्र घड्याळ लागतं, ४८ तासांच्या आत ती बदलायची. यात मी इन्चार्जच्याच बाजूला आहे.

आता स्पिरिटचा डबा. तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०१० च्या इंजेक्शनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की कापूस आधीच भिजवून डब्यात ठेवू नका, हाताचे आणि आजूबाजूचे जंतू त्यात जातात. लोकांना वाटतं स्पिरिट आहे म्हणजे आत काही जगणारच नाही. पण बॅसिलससारख्या जंतूंचे स्पोअर (टणक कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत, आणि झाकण दिवसभर उघडझाप होतं तसं स्पिरिट उडून जातं, संध्याकाळी डब्यात राहतो तो नुसता ओला कापूस. ६० ते ७० टक्के अल्कोहोल लागतं. कोरडा कापूस स्वच्छ डब्यात ठेवा, स्पिरिटची बाटली वेगळी, वापरायच्या वेळी हात स्वच्छ करून ओता. ३० सेकंद पुसा आणि मग सुकू द्या, फुंकर मारू नका, हाताने वारा घालू नका. ओल्या स्पिरिटवर टोचलं की चुरचुरतं पण आणि जंतू मरायला वेळ पण मिळत नाही.

आयसीयू_ब्रदर_रत्नागिरी
१६ जुलै, दुपारी १.३०

मॅडमनी लिहिलंय त्यात एक भर. पोर्टमधून (लाइनच्या औषध द्यायच्या तोंडातून) औषध देताना पोर्ट पुसायचा, आणि नुसता स्पिरिट दाखवायचा नाही, १५ सेकंद घासायचा. थ्री-वेचं (लाइनला लावलेल्या तीन तोंडांच्या जोडाचं) झाकण काढून चादरीवर ठेवून परत तेच लावणं हे मी रोज बघतो, नवीन झाकण लावा. औषध देण्याआधी आणि नंतर साध्या सलाईनचा ५ ते १० एमएल फ्लश, हातावरच्या लाइनला हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लागत नाही. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक चालू असेल तर त्याच लाइनमधून एकाच वेळी आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) जाऊ देऊ नका, आरएलमधल्या कॅल्शियमबरोबर त्याचे कण बनतात.

मोठ्या सिस्टर, जिनिव्हाचं मला माहीत नव्हतं, रात्री शोधून वाचलं. तुमचं म्हणणं पटलं. मी माझ्या आयसीयूच्या डोळ्याने लिहिलं होतं, आमच्याकडे दोन पेशंटला एक जण असतो.

महाडजवळची
१६ जुलै, संध्याकाळी ६.१५

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे, आमच्याकडे लाइन एक दिवस, फार तर दोन. त्यामुळे ७२ तासांवर मी काय बोलणार. पण ताईंनी विचारलंय ना की इन्चार्जशी बोलायला हातात काय, त्यावर सांगावंसं वाटतं. पुरावा म्हटलं की आपल्याला परदेशच आठवतो. इथे महाडला बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर काम केलं, प्राझोसिन या औषधाचं त्यांनी १९८६ ला लॅन्सेटला कळवलं. आणि २०११ ला त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा बीएमजे या नियतकालिकात ट्रायल आला, ७० पेशंट फक्त, निम्म्यांना प्राझोसिन आणि निम्म्यांना त्याबरोबर विंचवाची लस (विषावरचा उतारा), आणि लस दिलेले कितीतरी लवकर बरे झाले. ७० पेशंट! आपल्याकडे एका पावसाळ्यात एवढ्या लाइन लागतात.

तेव्हा तुम्ही तुमच्याच वॉर्डात एक महिना लिहा. तारीख, वेळ, कुठल्या हाताला, कितीची, कोणी टाकली, प्रत्येक शिफ्टला स्कोअर, का काढली. आम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टच्या मागे पेनाने चार रेघा मारून तेवढंच केलं होतं तर आम्हालाच कळलं की आमच्या सुजलेल्या लाइन बऱ्याचशा मनगटाच्या सांध्यावरच्या होत्या. मग सगळ्या वर टाकायला लागल्या. ट्रायल वगैरे नाही ते, पण इन्चार्जसमोर स्वतःच्या वॉर्डाची वही ठेवली की बोलणं सोपं जातं.

सव्वीस_वर्षं_वॉर्डात
१६ जुलै, रात्री ८.४०

हे लाखातलं बोललीस महाडवाली. आणि वहीत एक रकाना अजून घाला, "लाइन अजून लागते का?" आमच्याकडे मी राऊंडला डॉक्टरांना हाच एक प्रश्न रोज विचारते. पेशंट नाश्ता करतोय, गोळ्या गिळतोय, आणि हाताला जेल्को तशीच, असूदे म्हणून, रात्री लागली तर. ती "असूदे"ची लाइनच जास्त धोक्याची, कारण तिच्यातून काही जात नसतं म्हणून तिच्याकडे कोणी बघतही नाही.

बेड_पाचवाली
१९ जुलै, दुपारी ४.२०

सगळ्यांना सांगायचं होतं काय झालं.

परवा दुपारी वॉर्ड शांत होता तेव्हा इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं तसंच बोलले, नियम काढा म्हटलं नाही, शिफ्टला बघू आणि सही करू म्हटलं. त्या आधी गप्प बसल्या. मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्याकडे पण अशीच एक केस झालेली, कुठली ते नाही सांगितलं. म्हणाल्या महिनाभर करून बघू, पण ज्या शिफ्टला सही नसेल त्या पेशंटची ७२ तासांना बदलायची. मला ते न्याय्य वाटलं. डबा तर त्यांनी त्याच दिवशी धुवून उन्हात, म्हणजे ऊन नव्हतंच, खिडकीत पालथा घातला आणि आता कोरडा कापूस ठेवतोय. मावशींना पण समजावून सांगितलं कारण सकाळी भरायच्या त्याच.

रात्रीचं टेन्शन होतं की एवढ्या जणांचं बघणार कधी, तर जमतंय. रात्रीच्या डोसला हातात हात घेतोच ना आपण, तेव्हाच बॅटरी मारून बघते, वेगळी फेरी लागत नाही. पहिल्याच रात्री दोन जणांचा स्कोअर २ निघाला, दोघांनाही काही दुखत नव्हतं असं ते म्हणत होते, दाबल्यावर कळलं.

आणि पाच नंबर. काल राऊंडला तो प्रश्न विचारला, सर, लाइन अजून लागते का. सरांनी चार्ट बघितला, ताप दोन दिवस नाही, प्लेटलेट १ लाख १० हजार, खाणं सुरू. म्हणाले गोळ्यांवर आणू, काढा. कोपरातली ती जेल्को मी काढली, पाच मिनिटं दाबून धरलं. आज्जींनी हात हळूहळू वाकवला, खांद्यापर्यंत नेला, परत सरळ केला. मग लेकीच्या हातातली पेजेची वाटी घेतली आणि स्वतःच्या हाताने प्यायल्या.